माडाच्या मुळाशी मासळी



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून बहुधा इतिहास, साहित्य, अध्यात्म अशा भारदस्त विषयांवर भाषणे होतात. माझ्यासारखा संघटनेचा माणूस उभा राहिला, की श्रोते संप, टाळेबंदी आणि किमान वेतन ऐकण्याच्या तयारीने बसतात. मी आज मासळीच्या खताविषयी बोलणार आहे. मी शेतकीचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि पुढे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु सुक्या मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बायांबरोबर काम करता करता हा विषय आपल्या पायांनी माझ्याकडे चालत आला, आणि एकदा आल्यावर त्याने मला जुन्या मुंबई बेटापर्यंत, मलबारपर्यंत आणि पार पेरू देशापर्यंत हिंडवून आणले. तेव्हा तासभर नाकावरचा रुमाल बाजूला ठेवून ऐकावे, एवढीच विनंती.

भाईंदर स्टेशनावरून बसने निघालात, की मुर्धे, राई, मोर्वे ही गावे आणि मिठागरांचा पट्टा मागे पडतो, डोंगरी येते, आणि उत्तन जवळ आले की वाऱ्याचा वास बदलतो. उत्तन, पाली, चौक या आमच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यापासून पुढच्या पावसापर्यंत बांबूंच्या मांडवांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वाळत असतात, खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो. बोंबील चांगला वाळला की बाजारात जातो, जवळाही जातो. मागे काय उरते? चुरलेला जवळा, मोडके बोंबील, डोकी, मांदेलीबरोबर डोळीत आलेली आणि गिऱ्हाईक नसलेली बोटभर मासळी, अवचित सरीने डागळलेला माल. हे सारे वाळवून एकत्र केले की त्याला कुटा म्हणतात. काही कुटा कोंबड्यांच्या खाद्यात जातो, काही खतात. वसईच्या बागाईतदारांना याची ओळख फार जुनी. केळीच्या आळ्यात सुकी मासळी पुरण्याची रीत तिकडे आजोबा-पणजोबांपासूनची आहे. खाडीच्या एका तीरावर मासळी वाळते आणि दुसऱ्या तीरावर केळी पोसते, असा हा जुना शेजारधर्म आहे.

आता हे खत म्हणून कितपत चांगले? मी हिशेब मांडून दाखवतो, कारण वर्णनापेक्षा हिशेबावर माझा विश्वास अधिक. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का असते. वाळलेल्या मासळीच्या खतात नत्र चार ते दहा टक्के, स्फुरद तीन ते नऊ टक्के. म्हणजे पाचशे किलो शेणखत बागेत ओढून आणले, तर झाडांना अडीच किलो नत्र मिळते. सहा टक्के नत्राचा कुटा घेतला, तर चाळीस किलोंतच दोन किलो चारशे ग्रॅम नत्र येते. गाडीभर खताचे काम दोन पाट्यांत झाले. एवढ्यावरून कोणी म्हणेल, मग शेण कशाला हवे, मासळीच घाला. परंतु येथे थांबले पाहिजे.

मासळीच्या खतात पालाश फार थोडे असते, अर्ध्या टक्क्यापासून दीड टक्क्यापर्यंत कोठेतरी, आणि माडाला तर पालाशाची भूक सर्वांत मोठी. केळीचेही तेच. नुसत्या मासळीवर पोसलेला माड हिरवागार दिसतो, झापे लांब येतात, पण नारळ पोसायला जे लागते ते कमी पडते. आमच्या जुन्या बायका चुलीची राख माडाच्या आळ्यात टाकीत. राखेत पालाश असते हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते, पण माड वाचता येत होता. आज चुली गेल्या, राख गेली. तेव्हा वाळकी झापे, सोडणे, शेंड्या आळ्यातच कुजू द्याव्यात किंवा जाळून राख द्यावी. ती कचऱ्याच्या गाडीत भरून देणे म्हणजे माडाच्या तोंडचा घास शहराबाहेर पाठवणे आहे.

दुसरी गोष्ट, मासळी लवकर कुजते आणि तिचे नत्र लवकर मोकळे होते. माती भुसभुशीत करणारा, पाणी धरून ठेवणारा पालापाचोळ्याचा अंश तिच्यात जवळजवळ नाहीच. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचे, तर मासळी हा दिवाळीचा बोनस आहे. शेणखत आणि पालापाचोळा हा महिन्याचा पगार. बोनस मिळाला की घर आठ दिवस झळकते, पण पगार बुडवून बोनस देणाऱ्या मालकाला आपण काय म्हणतो ते येथे सांगण्याची गरज नाही.

रीत थोडक्यात सांगतो. ज्यांच्या सोसायटीच्या आवारात दोन माड, एखादा आंबा किंवा चिकू असेल, त्यांना ती उपयोगी पडेल. मासळी खारवलेली असेल, तर आधी गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यावे. माड खारे वारे सोसणारे झाड आहे, त्याला थोडे मीठ बाधत नाही. आंबा, केळ यांना बाधते. बुंध्याला चिकटून कधीही घालू नये. कुजताना उष्णता होते, मुळे पोळतात. आंब्याला घेराच्या कडेखाली, माडाला बुंध्यापासून चार-पाच फुटांवर चर खणावा, हातभर खोल. त्यात मासळी, तिच्या दुप्पट-तिप्पट वाळका पाला, वर मूठभर राख, आणि वर माती दाबून बसवावी. माती वीतभरच असली तर रात्री कुत्री उकरतात, घुशी येतात, सकाळी कावळे पंगत मांडतात, आणि सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्या दारावर थाप मारतात. हातभर मातीखाली वास येत नाही. मोठ्या माडाला चार-पाच किलो सुका कुटा वर्षात दोनदा विभागून पुरे, केळीच्या खुंटाला पाव किलो. पहिला हप्ता जूनच्या पहिल्या पावसाने जमीन भिजल्यावर, दुसरा पाऊस ओसरताना सप्टेंबरात. ऐन आषाढातल्या मुसळधारेत घातलेले खत गटारात जाते. कुंड्यांतल्या झाडांना कुटा नको. त्यांच्यासाठी ताज्या मासळीची आतडी-डोकी आणि तेवढाच गूळ एका बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून तीनेक आठवडे सावलीत ठेवावे. जो अर्क उतरतो, तो लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा या मानाने द्यावा. तामिळनाडूत शेतकरी याला मीन अमिलम म्हणतात आणि भातावरही फवारतात. गुळामुळे वास पुष्कळ मरतो.

वासाचा उल्लेख झाला, तेव्हा आता खऱ्या विषयाकडे वळतो. मासळीच्या खताची किनाऱ्यावरची एक जुनी लेखी हकीगत आपल्या शेजारच्या मुंबईची आहे, आणि ती हकीगत म्हणजे एक फिर्याद आहे.

इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई बेट १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने मिळाले. तेव्हा हे बेट म्हणजे माडांच्या वाड्यांचे बेट होते. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे अजून आहेत. माहीमकडे तर माडांचे रानच होते. या वाड्यांना पोर्तुगीज भाषेत ओर्ता म्हणत, त्यावरून इंग्रजांनी ओआर्ट असा शब्द केला. भंडारी माड छेदीत, कोळी मासळी आणीत, आणि बारीक मासळी माडांच्या मुळाशी जाई. या बारीक मासळीला इंग्रजांच्या कागदांत बबशो, बकशो, बकशॉ अशी नाना रूपांची नावे आहेत. साहेबाने आपल्या कोळीवाड्यातला कोणता शब्द ऐकून हे केले, हा भाषापंडितांचा प्रश्न.

विलायतेहून आलेली गोरी माणसे मुंबईत पटापट मरत. दोन पावसाळे काढले की माणूस गेलाच, अशी या बेटाची ख्याती होती. कारण शोधणे भाग होते. आणि कारण सापडले ते नाकाने. कुजकी मासळी माडांना घालतात, तिच्या दुर्गंधीने हवा बिघडते, हवेने माणसे मरतात. त्या काळच्या वैद्यकाला रोग दुर्गंधीतून होतो असेच वाटे, तेव्हा त्यांना सर्वस्वी दोष देता येत नाही. कंपनीच्या अमलात या खतावर बंदी आली. आणि येथे एका माणसाची आठवण काढली पाहिजे. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा शस्त्रवैद्य १६७३ च्या सुमारास मुंबईत आला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ मध्ये लंडनला छापले गेले. त्यात तो सांगतो, की आरंभी लोकांना वाटले हा सारा त्या कुजक्या मासळीचा प्रताप. पण मासळीला मनाई झाली तरी मरण तसेच चालू आहे, तेव्हा दोष बेटाच्या जागेचाच दिसतो. एवढीच दोन-तीन वाक्ये आहेत. परंतु मला विचाराल, तर साऱ्या पुस्तकात तीच सोन्याची. आरोपीला तुरुंगात टाकले, तरी चोऱ्या थांबल्या नाहीत. मग चोर दुसरा असला पाहिजे, एवढा साधा विचार त्याने केला.

तो विचार कोणी ऐकला नाही. अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्याचे पुस्तक १७२७ मध्ये आले, म्हणजे फ्रायरनंतर तीस वर्षांनी. त्यातही मुंबईच्या रोगट हवेचा ठपका मुख्यतः माडांच्या मासळीवरच. पुढे १७५० मध्ये येऊन गेलेल्या ग्रोझच्या ग्रंथातही बकशॉ आहेच. पुस्तके लिहिणाऱ्यांत मासळी घालणारा एकही नव्हता, म्हणून हा आरोप पिढ्यान्‌पिढ्या चालला. माडाच्या वाडीत राबणाऱ्या माणसाचा जबाब कोणी घेतलाच नाही.

खरा चोर सापडला तो १८९७ मध्ये. सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. मुंबई म्हणजे सात बेटे, मधे भरतीचे पाणी शिरून साचलेल्या दलदली, आणि वाड्यावाड्यांतून विहिरी. बेंटले नावाच्या डॉक्टरांनी शहराची पाहणी करून १९११ मध्ये हिवतापावर अहवाल दिला, त्यात शहरातल्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर बोट ठेवले आहे. आता न्यायाने बोलायचे, तर वाडीची अगदी निर्दोष सुटका होत नाही, कारण शिंपण्याच्या विहिरी वाडीत असतच. पण मासळी सुटली. दोनशे वर्षे अंगावर वागवलेला डाग तिच्यावरून गेला. निदान पुस्तकांतून गेला.

माणसांच्या मनातून तो गेलेला नाही. किनाऱ्यावर नव्या इमारती उठल्या, त्यांत राहायला आलेल्या मंडळींना समुद्राचे दर्शन हवे असते आणि समुद्राचा वास नको असतो. बोंबलाच्या मांडवांविरुद्ध अर्ज होतात. त्याच वेळी साऱ्या मीरा-भाईंदर शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर धावगीला जाऊन पडतो, त्याच्या धुराच्या आणि त्यातून झिरपणाऱ्या घाण पाण्याच्या तक्रारी खालच्या गावांतले शेतकरी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. बोंबलाचा वास आरोग्याला घातक आणि प्लास्टिकचा धूर ही विकासाची किंमत, असा हा न्याय आहे. फ्रायरसारखा एखादा डॉक्टर आज भेटला, तर मी त्याला धावगीला घेऊन जाईन.

येथवर मी मासळीचा वकील होतो. आता बाजू बदलतो, कारण या खताची दुसरीही हकीगत आहे आणि ती कोळ्यांनी अधिक लक्ष देऊन ऐकावी अशी आहे.

झाडाच्या मुळाशी मासळी घालणे ही काही आपली एकट्याची युक्ती नाही. उत्तर अमेरिकेत १६२१ मध्ये नव्याने आलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना टिस्क्वांटम नावाच्या तेथल्या मूळ रहिवाशाने मक्याच्या प्रत्येक आळ्यात मासे पुरायला शिकवले, असे तेथे शाळेत शिकवतात. ही युक्ती तो स्वतः युरोपात शिकून आला होता काय, असाही वाद विद्वानांनी घातला आहे. वाद काही असो, तेथल्या मेनहेडन या माशाचे नावच मुळी मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या खत घालण्याच्या शब्दावरून आले आहे. जपानात कापसाच्या शेतांना वाळलेली तारली जाई, पुढे उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरच्या हेरिंग माशाची पेंड. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. जोवर शेजारची मासळी शेजारच्या शेतात जात होती, तोवर समुद्राला त्याची फारशी झळ नव्हती. मासळी खतासाठीच पकडायची, असा धंदा झाला की गणित फिरते.

मलबारात हेच झाले. तारली किनाऱ्याला लागली की ढीगच्या ढीग. ती वाळूत पसरून वाळवायची, माडांना आणि मळ्यांना विकायची, ही जुनी पद्धत. १९०७ मध्ये मद्रास इलाख्यात मत्स्यव्यवसायाचे सरकारी खाते सुरू झाले. त्याचे पुढारपण सर फ्रेडरिक निकल्सन यांच्याकडे होते. गरीब मच्छिमाराविषयी कळकळ असलेला हा अधिकारी होता, असे त्यांच्या कामावरून दिसते. त्यांनी तारली कुजवण्याऐवजी उकडून, दाबून तेल काढण्याची आणि उरलेल्या चोथ्याचे खत करण्याची स्वच्छ पद्धत शिकवली. किनाऱ्यावर छोटे छोटे कारखाने निघाले, तेल आणि खत दोन्ही परदेशी जाऊ लागले. आणि १९४० च्या दशकात तारली जवळजवळ दिसेनाशी झाली. मद्रास सरकारला कोवळ्या तारलीच्या मासेमारीवर निर्बंध घालावे लागले. शास्त्रज्ञ सांगतात, की तारलीचे येणे-जाणे पावसावर आणि समुद्राच्या प्रवाहांवरही अवलंबून असते, सारा दोष जाळ्यांच्या माथी मारता येत नाही. मला ते मान्य आहे. पण वाईट हंगामात पिल्लेही उपसून नेली, तर चांगल्या हंगामाला यायला उरणार कोण?

पेरूची गोष्ट आणखी मोठी आणि आणखी कडू. तेथल्या किनाऱ्यालगत अँचोवेटा नावाचा आपल्या मांदेलीएवढा मासा अपरंपार होता. तो खाऊन समुद्रपक्षी बेटांवर विष्ठा टाकीत. ती विष्ठा म्हणजे ग्वानो, मासळीचेच खत, पक्ष्याच्या पोटातून आलेले. एकोणिसाव्या शतकात त्याच्यावर युरोपची शेते पिकली. ते खणायला चीनमधून करारावर मजूर नेले गेले, आणि चिंचा बेटांवरच्या त्यांच्या हालांची वर्णने वाचवत नाहीत. खताच्या इतिहासाच्या पुस्तकांत टनांचे आकडे असतात. खणणाऱ्याच्या मजुरीचा आकडा मी शोधला की हाती फार थोडे लागते. ग्वानो संपत आला, तेव्हा माणसाने पक्ष्याला बाजूला सारून मासाच थेट दळायला घेतला. मासळीच्या पिठाचे कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये पेरूची पकड सव्वा कोटी टनांच्या आसपास गेली. १९७२ मध्ये समुद्राचे पाणी तापले, एल निनो आला, आणि मासा बसला. बोटी, कारखाने, कामगार सारे एकदम रिकामे.

आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. डोळ हे खांबांना बांधलेले पिशवीसारखे जाळे, त्याच्या शेवटच्या भागाची आस बारीक, कारण जवळा पकडायचा असतो. जवळ्याबरोबर पापलेटाची, वाकटीची, ढोम्याची पिल्ले येतात. ट्रॉलर तर तळच खरवडतो. पूर्वी हे थोडेफार परत पाण्यात तरी जाई. आता मासळीच्या पिठाचे कारखाने सारे घेतात, किलोला जो काय दर मिळेल तो मिळतो, आणि हातावर पोट असलेला खलाशी तो दर सोडू शकत नाही. त्याला उपदेश करून उपयोग नाही. डिझेलचा खर्च वर जातो, मासळीचा वाटा खाली येतो, मग पिल्लांचाही दाम लागतो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये चोपन्न जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. पापलेट साडेतेरा सेंटिमीटरच्या खालचा नको, बोंबील अठरा सेंटिमीटरच्या खालचा नको, सुरमई सदतीस सेंटिमीटरच्या खालची नको. त्याच वर्षी रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून मान दिला. मान दिला हे बरे झाले, पण राज्यमाशाचे पोर कोंबडीच्या खाद्यात आणि केळीच्या आळ्यात जात असेल, तर तो मान कागदावरचा.

म्हणून कुटा विकत घेणाऱ्या बागाईतदाराला मी एक गोष्ट सांगतो. मूठभर कुटा हातात घ्या, फुंकर मारा आणि बघा. डोकी, काटे, कोळंबीची सालपटे, जवळ्याचा चुरा असेल, तर हा उरलेल्या मालाचा कुटा, खुशाल घ्या. रुपयाएवढी पापलेटे आणि बोटाएवढ्या वाकट्या अख्ख्या दिसल्या, तर परत करा. कायदा बंदरावर थोडा पोहोचतो, गिऱ्हाईक मात्र सगळीकडे पोहोचते.

आणि दराचे काय? कुट्याला दर कोण ठरवतो? अनेक वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या काही बायांनी मला बोलावून नेले. त्यांचा कुटा घेणारा व्यापारी पाटीवर माल घेई. पाटी त्याची, भरणारा हात त्याचा, आणि शिगेचा ढीग किती असावा हेही त्याच्या मर्जीवर. मी काही भाषण केले नाही. आम्ही वर्गणी काढून एक वजनकाटा घेतला. पहिल्याच दिवशी कळले, की ज्या पाटीचे पैसे वीस किलोंच्या भावाने मिळत होते, तिच्यात सव्वीस किलो माल मावत होता. वर्षानुवर्षे दर पाटीमागे सहा किलो कुटा, म्हणजे बायांचे उन्हातले तेवढे तास, फुकट जात होते. व्यापारी पहिल्या आठवड्यात रुसला, दुसऱ्या आठवड्यात आला. खताच्या धंद्यात स्फुरद आणि पालाश जितके महत्त्वाचे, तितकाच काटाही महत्त्वाचा, असे मी म्हणतो ते यामुळे.

याहून मोठे नुकसान आभाळातून येते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात क्यार आणि महा ही चक्रीवादळे अरबी समुद्रात फिरली आणि ऐन सुकवणीच्या दिवसांत पाऊस झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते आले. मांडवावरचा बोंबील एकदा भिजला, की त्याला बुरशी येते, तो खाण्याचा राहत नाही. सकाळी जो माल जेवणाच्या ताटासाठी होता, तो संध्याकाळी खताच्या भावाने जातो. बाईने बंदरावर ताज्या मासळीचे पैसे रोख मोजलेले असतात, बहुधा उसने घेऊन. भात भिजले तर तलाठी पंचनाम्याला येतो. सुकी मासळी भिजली तर तिचाही पंचनामा व्हावा, तिलाही भरपाई मिळावी, ही मागणी कोळी भगिनी करीत आल्या आहेत, आणि ती अवाजवी नाही. बागाईतदाराला त्या वर्षी कुटा स्वस्त मिळतो. त्या स्वस्ताईच्या पोटात काय आहे, हे त्याला ठाऊक असावे.

शेवटी शहराविषयी, कारण समोर बसलेल्या मंडळींत शहरातले लोक अधिक आहेत. मासा साफ करताना डोके, खवले, कल्ले, आतडी मिळून त्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा सहज निघतो. कोळंबीचे तर डोके आणि साल धरून जवळजवळ निम्मे वजन जाते. भाईंदर, मीरा रोडच्या बाजारांत रोज किती मासळी कापली जाते, याचा अंदाज आपापल्या घरच्या पिशवीवरून करावा. हे सारे उत्कृष्ट खत गाडीत इतर घाणीत कालवून डोंगरावर चढवले जाते. तेथे ते कुजते, वास सोडते, आणि त्या वासाचे खापर पुन्हा मासळीवर. २०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक केले. मासळीबाजारात तर वेगळे करण्याचे कष्टही नाहीत, कारण कापणारी बाई आतडी-डोकी आधीच एका बाजूला टाकते. त्या टोपल्याला झाकण हवे, दुपारच्या आत उचलणारी गाडी हवी, आणि पालापाचोळा, भाताचे तूस किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा घालून कुजवायला एक आडोशाची जागा हवी. शहरातल्या झाडांच्या छाटणीचा पाला तर महानगरपालिकेच्याच हातात असतो. एक भाग मासळी, तीन भाग पाला, आठवड्याने एकदा उलटापालट, आणि तीन-चार महिन्यांत काळे, भुसभुशीत, वास नसलेले खत.

आता कोणी म्हणेल, हे काम करणार कोण? करणारे आहेत, पण फुकट करणार नाहीत. जी बाई टोपली वेगळी ठेवील, तिला त्या टोपलीचे किलोवर पैसे मिळाले पाहिजेत. खड्डा उलटणाऱ्याला हातमोजे, बूट, साबण आणि किमान वेतन मिळाले पाहिजे. तयार खत सोसायट्यांनी विकत घेतले पाहिजे, आणि त्यातून निघणारा नफा ठेकेदाराकडे न जाता बायांच्या सहकारी सोसायटीकडे राहिला पाहिजे. काटा आमच्याकडे आहे, अजून चांगला चालतो. ज्या सोसायट्यांना यंदाच्या पावसाआधी माडांची आळी फोडून ठेवायची असतील, त्यांनी सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे, तीत नाव आणि झाडांची संख्या लिहावी. दर किलोला काय, ते बायाच तुम्हाला सांगतील.